आटपाडीचे वैमानिक

सांगलीतल्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात एक आजोबा आटपाडीहून एसटीने यायचे. हवाई दलात मेकॅनिक होते, आता निवृत्त. घरबसल्या विमान उडवायचा खेळ चालेल असा कॉम्प्युटर त्यांना जोडून हवा होता. प्रत्येक भाग ते चष्मा कपाळावर चढवून उलटसुलट बघायचे. रंगीत दिव्यांचा पंखा दाखवला तर म्हणाले, "लायटिंग नगं गड्या, हवा किती मारतोय ते सांग." एका ग्राफिक्स कार्डासाठी चार खेपा घातल्या. मी वैतागायचो, पण ते दिसले नाहीत की चुकल्यासारखंही वाटायचं.

अखेर मशीन तयार झालं. पडद्यावर विमान धावपट्टीवर उभं राहिलं, तरी ते खुर्चीत बसेनात. एकेक वायर हलवून बघत राहिले.

"बसा की आता," मी म्हणालो.

"जलमभर दुसऱ्यांची इमानं तपासून खाली हुबा ऱ्हायलो. आज तू हुबा ऱ्हा. समदं ठीक हाय म्हणून अंगठा दाखव, मग निघतो."

मी पडद्याशेजारी उभा राहून अंगठा वर केला. ते बसले, मला कडक सलाम ठोकला आणि निघाले. विमान ढगांत शिरलं तरी माझा अंगठा वरच होता.