उस्तानीबीची चांदाची भिंत

आमच्या गावातली मुलींची शाळा म्हणजे सिद्रामप्पा वाण्याची गूळ ठेवायची खोली. तेरपासून दोन कोसांवर, तेरणेच्या काठाला आमचं गाव. राज्य निजामाचं. शाळा मंजूर झाली, पण जागा कुणी देईना, तेव्हा सिद्रामप्पांनी ही पत्र्याच्या छपराची खोली रिकामी करून दिली. तिला एकच झरोका होता. आत पाऊल टाकलं की आधी गुळाचा वास यायचा, आणि बऱ्याच वेळानं एकमेकींची तोंडं दिसायला लागायची. भिंती चिकट, मुंगळ्यांच्या रांगाच रांगा. पहिली उस्तानी, म्हणजे मास्तरीण, महिन्याच्या आत निघून गेली.

मग ताहेराबी आल्या. धाराशिवहून बैलगाडीत बसून, बुरख्यात, बरोबर एक पत्र्याची पेटी. तिशीच्या असतील. नवरा लवकर गेला होता. माहेरी मोहरमचे ताबूत करायचं पिढीजात काम, त्यामुळं कळकाच्या कांब्या, रंगीत कागद आणि चमचमती बेगड यांतच त्यांचं लहानपण गेलेलं. गाव त्यांना उस्तानीबी म्हणायला लागलं.

पहिले काही दिवस त्यांनी पाटीला हात लावू दिला नाही. आम्हा पोरींकडून भिंती खरवडून घेतल्या, वर चुना मारून घेतला. मग एका दुपारी त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, "सखूबाई, पंचमी आली. नागोबा कसा काढायचा ते मला येत न्हाय. तुम्ही शाळंत येऊन काढून द्या."

"शाळंत? आन म्या?" आई हसायलाच लागली. "मला तर ठो कळत न्हाय, उस्तानीबी."

"नागोबा कळतो न्हवं? तेवढं बास."

आई पदर घट्ट घेऊन, हातात तांबडी काव कालवलेली वाटी घेऊन शाळेत आली. जन्मात पहिल्यांदा. तिनं नागाचं एक जोडपं काढलं. ते बघायला शेजारणी आल्या. बघणाऱ्या बाया गप्प बसतात होय? एक म्हणाली फणा लहान झाला, दुसरी म्हणाली शेपटाला वेटोळं पायजे. संध्याकाळपर्यंत सगळी भिंत नागांनी भरली. उस्तानीबींनी प्रत्येक नागाखाली काढणारीचं नाव लिहिलं आणि आईचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. "ही तुम्ही. स, खू, बा, ई."

आई किती तरी वेळ त्या चार अक्षरांसमोर उभी होती. "एवढीच व्हय मी?" असं म्हणाली आणि पुन्हा बोट फिरवायला लागली.

त्या दिवसापासून ती खोली गावातल्या कुठल्याच खोलीसारखी राहिली नाही. पोळ्याला झरोक्याखाली मातीच्या बैलांची रांग लागली. सुगीत भिंतीवर जोंधळ्याची कागदी ताटं उगवली, त्यांच्या कणसांत खरे दाणे चिकटवलेले. शब-ए-बरातला कागदाच्या जाळीमागं एक दिवा ठेवला, तर छतभर उजेडाची फुलं पसरली आणि आम्ही माना वर करून तशाच बसलो. शिकणं त्या चित्रांतूनच चालायचं. बैलांची मोजणी व्हायची, कणसांतल्या दाण्यांचे गुणाकार, नागांच्या नावांतून बाराखडी. ज्यांची नावं शाळेत नव्हती त्या पोरी दारातून डोकवायच्या. उस्तानीबी त्यांना हाकलायच्या नाहीत, नुसत्या सरकून जागा करायच्या.

एकदा मी विचारलं, "उस्तानीबी, आमची दिवाळी थंडीच्या तोंडालाच येती. मग तुमची ईद दरसाल जागा का बदलती?"

माझं नाव महानंदा, पण त्या मला नंदा म्हणायच्या. "नंदा," त्या म्हणाल्या, "मी सांगितलं तर तू इसरशील. बघूच आपण."

पश्चिमेची आख्खी भिंत त्यांनी काळ्या कागदानं मढवली. आदल्या दिवशी ज्या आकाराचा चांद दिसला, त्या आकाराची बेगड सकाळी एका पोरीनं कापून लावायची. न दिसला तर जागा मोकळी. वर्षभर हे चाललं. बायका चुलीपासून ओरडून पोरींना आठवण करायच्या. भिंत चांदांनी भरत गेली. कोर, अर्धा, पुरा, परत कोर. खाली आम्ही सण लिहायचो, दोन्हीकडचे. अखेरीला उस्तानीबींनी भिंतीवर हात ठेवून दाखवलं. "चांद एकच, महिनेबी तुमचे-आमचे बाराच. पण तुम्ही दर दोन-तीन वर्सांनी अधिकाचा एक महिना जादा धरता, म्हणून दिवाळी जाग्यावर ऱ्हाती. आमी धरत न्हाय, म्हणून ईद मागं मागं सरकती."

सिद्रामप्पा दारात उभे राहून ऐकत होते. "आयला," ते हळूच म्हणाले, "एवढं सगळं माझ्या गुळाच्या खोलीत."

चव्वेचाळीस साल होतं. थंडी पडायला लागली आणि गावात उंदीर पडायला लागले. घराघरांतून मेलेले उंदीर निघाले की लोक काय ते समजायचे. प्लेग. दोन दिवसांत गाव रिकामं झालं, रानात कडब्याच्या खोपी उभ्या राहिल्या. तरी माणसं गेलीच. बिरू धनगराची बायको गेली. तिची पोरगी गजरा आठ-नऊ वर्षांची.

उस्तानीबींचा भाऊ खाजाभाई धाराशिवहून गाडी घेऊन न्यायला आला. मोहरम तोंडावर होता, गाडीत ताबुताचं सामान होतं. "ताहेरा, बस गाडीत."

"शाळा बंद करायचा हुकूम आलेला न्हाय, भाईजान."

"शाळा हाय कुठं? कुलूप हाय त्या खोलीला."

"पोरी रानात हायत."

खाजाभाई बराच वेळ बैलांच्या वेसणीशी चाळा करत राहिला. मग त्यानं कागदाचा एक गठ्ठा आणि थोडी बेगड उतरवून ठेवली आणि गाडी वळवली.

रानात भिंत नव्हती. उस्तानीबींनी दोन बाभळींच्या मधे सुंभ बांधला आणि त्याला दोऱ्यांनी कागदाचे चांद टांगले. वारा आला की ते सगळे गरकन फिरायचे. खाली आम्ही बसायचो, पाटीऐवजी भुईवर लिहायचो. मरणाच्या भीतीनं गप्प झालेली माणसं दुपारची येऊन तिथं टेकायची. त्यांना काही शिकायचं नव्हतं. नुसतं बघायचं होतं.

गजरा मात्र जवळ यायची नाही. ती बापाची मेंढरं घेऊन लांब बांधावर बसायची, कोकरू मांडीवर घेऊन. उस्तानीबींनी तिला कधी हाक मारली नाही.

येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावास्या आमच्याकडं शेतात साजरी होते. एरवी त्या दिवशी गाव रानात जायचं, त्या साली गाव रानातच होतं. बायकांनी भाज्या-डाळींची भज्जी केली, ताकातली आंबील केली, खोपीत पाच दगड चुन्यानं रंगवून पुजले. उस्तानीबींनी त्या दिवसाची दोरी मोकळी ठेवली. आंबिलीचं एक मोगं, लहानसं मडकं, त्यांनी स्वतः नेऊन गजराजवळ ठेवलं आणि परत आल्या.

दुसऱ्या दिवशी सांजेला मोहरमच्या चांदासाठी गावातली मुसलमान घरं बांधावर उभी राहिली. पश्चिमेला धुरकट होतं, काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी मात्र सगळी वस्तीच बाहेर आली. चांद बघून बघून आता तो सगळ्यांचाच झाला होता. सिद्रामप्पा आले, आई आली, बिरू आला. कापलेल्या रानात शे-दीडशे माणसं पश्चिमेकडं तोंड करून उभी होती.

"ती बघा!" कुणीतरी म्हणालं. बाभळीच्या शेंड्यावर केसासारखी कोर. मुसलमानांनी दुव्याला हात उचलले, आईनं हात जोडले.

तेवढ्यात मागून आवाज आला. "कोर न्हाय ती. आख्खा चांद हाय."

गजरा होती. कोकरू काखेत. "नीट बघा की. आत आख्खा हाय. काळा काळा. मी दर महिन्याला बघती."

आम्ही बघितलं. आधी काही कळेना. मग अंधार जरा दाटला आणि हळूहळू दिसलं. त्या कोरीच्या कुशीत चांदाचं पूर्ण बिंब होतं, राखेच्या रंगाचं, अगदी फिकट, पण गोल, पुरतं. आजवर आम्ही पोरींनी किती तरी कोरी कापल्या होत्या. उस्तानीबींनी पोटापाण्यासाठी कापल्या होत्या, त्यांच्या बापानं कापल्या होत्या. कुणालाच हे दिसलं नव्हतं.

उस्तानीबींचा हात दुव्यासाठी उचललेला तसाच राहिला. चांद बुडेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग गजराजवळ जाऊन खाली बसल्या आणि विचारलं, "उद्या करून दावशील?"

गजरानं मान हलवली. सकाळी तिनं सुरमई कागदाचा गोल कापला आणि त्याच्या कडेला बेगडीची बारीक धार चिकटवली. दोरीवर तो टांगला तेव्हा बिरू धनगर घोंगडी तोंडाशी धरून रडला. गजरा त्या दिवसापासून शाळेत बसायला लागली.

शिमग्याच्या सुमाराला साथ ओसरली. ऊन आत शिरावं म्हणून लोकांनी घरं उघडी टाकली होती, सिद्रामप्पांनीही खोलीचे पत्रे काढले होते. गावात परतलो त्या सकाळी आम्ही दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकलो. खोलीत वरून ऊन ओतलं जात होतं. काळा कागद विटला होता, पण वर्षभराचे चांद एका वेळी पेटल्यासारखे लखलखत होते. सिद्रामप्पांनी पत्रे परत घालताना मधे उजेडासाठी काचेचं एक तावदान बसवलं.

पुढं हंगाम्याची, रझाकारांच्या धामधुमीची वर्षं आली, शाळा काही महिने बंद राहिली, राज्य बदललं. गजरा लग्न होऊन जळकोटला गेली. उस्तानीबींची बदली धाराशिवला झाली. तिथं त्या नव्या मास्तरणींना शिकवायच्या, आणि त्यांच्या हाताखाली मीही वर्षभर होते.

पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला वर्गात बसवलं नाही. आठवड्याच्या बाजारात नेलं. मिरचीवाली ढीग कसा लावते, कासार बांगड्यांचे रंग शेजारी शेजारी कसे मांडतो, हे बघत आम्ही उन्हात हिंडलो. एका कासाराच्या दुकानासमोर त्यांनी मला थांबवलं आणि डोळे मिटायला सांगितलं.

"आता सांग, नंदा. हिरव्याच्या शेजारी कुठला रंग होता?"

"पिवळा," मी अंदाजानं ठोकून दिलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "उघड डोळे, बघ परत. घाई न्हाय."