पायातले काळे दाणे

सेन्नारच्या कालव्याकाठच्या गावात अत्तोमा सून म्हणून आली त्याला थोडेच दिवस झाले होते. लाकडं गोळा करताना तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. तिने तो सुईने कोरून काढला आणि विसरून गेली. पुढे तिथे गाठ आली. पण गाठ दुखत नव्हती, आणि न दुखणाऱ्या गाठीसाठी कामधंदा सोडून कोण बसतं?

वर्षं गेली. पाऊल उशीसारखं फुगलं, त्याला भोकं पडली. पू वाहू लागला, आणि पुवातून कलौंजीसारखे काळे दाणे पडू लागले. गावच्या फकिराने तापल्या सळईने डाग दिले. त्याने काहीच झालं नाही.

"सून आणली ती घर सांभाळायला, की पाय पसरून बसायला?" सासू बतूल शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची.

वास येई म्हणून बायका तिच्याजवळून उठून जात. मग अत्तोमानेच जाणं-येणं सोडलं. धाकटी नणंद सिहाम हिच्या लग्नात अंगणात ढोल वाजत होता, तेव्हा ती मागच्या खोलीत पायावर पदर ओढून, आतून कडी लावून बसली होती.

तीच सिहाम माहेरपणाला खार्तुमहून आली आणि तिने कडी काढायला लावली.

"वहिनी, पदर बाजूला कर."

"नको गं, बघवणार नाही."

सिहामने पाहिलं आणि ती खालीच बसली. "उद्याच्या लॉरीने निघायचं. दादाला मी सांगते."

खार्तुमच्या इस्पितळात डॉक्टर इहसानबाईंनी एक दाणा काचेवर चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला.

"असे पाय दोन तऱ्हेचे असतात, बाई. दिसायला सारखेच. काहींत जिवाणू असतात, ते औषधाने वठणीवर येतात. तुझ्यात बुरशी आहे."

"शिळ्या भाकरीवर येते ती?"

"त्याच गोतातली. ही झाड नाही की प्राणी नाही, तिचं कूळच वेगळं. मातीत असते, काट्याबरोबर आत गेली."

"मग मारा ना तिला!"

"तेच अवघड आहे. जिवाणूची घडण आपल्याहून अगदी निराळी, म्हणून त्याला वेगळं गाठता येतं. बुरशीची पेशी मात्र बरीचशी आपल्या पेशीसारखी. तिच्यावर औषध टाकलं की तुझ्या यकृतालाही झळ लागते. शिवाय दाण्याचं कवच टणक, औषध आत पोचत नाही."

अत्तोमाने पायावर पदर पुन्हा ओढून घेतला. मग म्हणाली, "म्हणजे तिला घरातून हाकलायचं तर घरच पाडायचं, आणि घर मी."

वर्षभर गोळ्या झाल्या. डोळे पिवळे पडले की बंद, पिवळेपणा उतरला की पुन्हा सुरू. पण बुरशी तोवर हाडात गेली होती. पाय कापायचा म्हटल्यावर ती घरी पळून आली. पुढच्या पेरणीपर्यंत तिला उभंही राहवेना, तेव्हा तिने स्वतःच सिहामला निरोप धाडला.

गुडघ्याखालून पाय गेला. घरी आली त्या दिवशी तिला भेटायला आलेल्या बायकांनी अंगण भरलं. बतूलने तिच्या पाठीशी तक्क्या ठेवला आणि तोंड फिरवून डोळे पुसले. आता वास नव्हता, पण पावसाळ्यात तिथल्या काळ्या चिखलात कुबडी रुतायची, आणि अत्तोमाला उंबऱ्याबाहेर पडता यायचं नाही.

इस्पितळातून निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, की पाय गेला तरी बुरशी कधी कधी जांघेपर्यंत चढते आणि तिथे गाठ येते. म्हणून ती रोज अंघोळीला बसली की आधी जांघेत बोटं फिरवते. हाताला काही लागलं नाही, की मग डोक्यावर पाणी घेते.