धवलारणीच्या दारात

हल्ली लोक मला संगीताचा इतिहासकार म्हणतात, समीक्षकही म्हणतात. म्हणोत बापडे! दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून मी शहापूरला शाळामास्तर होतो आणि पुण्याच्या एका मासिकात गवयांच्या बैठकांवर लिहायचो. त्यासाठी कल्याण गाठायचं, पहाटे आसनगावला उतरून चालत घरी यायचं, अंघोळ करून सरळ वर्गावर. बायको म्हणायची, "त्या गवयाला निदान शाल तरी मिळते. तुम्हाला काय, नुसतं जाग्रण!"

मला मराठी मुलखातल्या गाण्याचा इतिहास लिहायचा होता, आणि त्याची सुरुवात धवल्यांपासून, म्हणजे लग्नात बायका म्हणतात त्या गाण्यांपासून, करायची होती. आमच्याकडे कित्येक शेतकरी घरांत लग्न लावायची ती धवलारीण. एक म्हातारी बाई गाऊन देवांना बोलवायची, गाण्यातच हळद लागायची आणि गाण्यातच लग्न. हे संपादकांना सांगितलं, तर म्हणाले, "याला संगीत म्हणायचं कशावरून? स्वर लिहून दाखवा, मग ते प्रकरण छापू." असा संताप आला! पण स्वर लिहायला गाणं कानावर पडायला नको? पुरुषमाणसाला त्या बायकांच्या घोळक्यात कोण बसू देणार?

मुरबाडच्या बाजूला एक नावाजलेली धवलारीण होती. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून कोळशावर धूर ओकत चालणाऱ्या मोटारीतून तिच्या दारात गेलो. म्हटलं, "आजीबाई, मला धवले म्हणून दाखवा. दोनच म्हणा."

ती तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "कोनाचं लगीन हाय?"

"लग्न नाही. मला नुसतं ऐकायचंय."

"नाय रे बाबा! देवांना बोलवायचं, नि मांडवात नवरा नाय, नवरी नाय? मंग ते कोनाला बघून जातील?"

पुन्हा गेलो, पुन्हा तेच. हातापाया पडलो, चिडलो, म्हटलं मी देवांची माफी मागतो. ती हसली फक्त. शेवटी म्हणाली, "पाटलाच्या पोरीचं लगीन हाय वैशाखात. तवा ये. पोटभर आयक."

मी तसाच पाटलांकडे गेलो. शहापूरचा मास्तर, मासिकात गाण्यावर लिहिणारा, आपल्या मांडवात येतोय म्हणताच पाटील हरखले. "या मास्तर, या! तुमी गान्यातले. तुमाला जवळच बसवतो." त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. शाळेत मुलं पाढे म्हणायची आणि मी मनात पुस्तकाचं पहिलं पान लिहायचो.

लग्नाच्या दिवशी मांडवात शिरलो, तर मधोमध टेबलावर भलामोठा कर्णा! पाटलांनी मुद्दाम कल्याणहून फोनो आणवला होता. कानठळ्या बसवणारं नाटकातलं पद चालू होतं. मी विचारलं, "धवलारीण कुठे आहे?"

पाटील माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "तिला या वक्ताला नको सांगितलं. तुमच्यासारखा जानकार मानूस, नि आमी बायकांचं ते वरडनं आयकवायचं? लाज नाय वाटनार आमाला? लग्नाला मुरबाडचा भटजी बोलावलाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पाटील, तुम्ही घात केलात, असं ओरडावंसं वाटलं. पण त्यांचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता, आणि मुलगी बोहल्यावर उभी. काय बोलणार, कप्पाळ? टाळी वाजवली मी. असं गाणं कधी ऐकलंच नसल्यासारखी मान डोलावली.

मग काय, गावोगावची बोलावणी सुरू झाली. "मास्तर, आमीपन फोनो आनलाय हां!" जिथं जावं तिथं मला कर्ण्याजवळची खुर्ची. पाटलांच्या मांडवात मास्तरांनी मान डोलावली म्हणे, म्हणजे हेच खरं गाणं. धवलारणीला कुणी विचारीना. पुस्तक निघालं ते कीर्तनापासून सुरू झालं, आणि पुण्यात त्याची वाहवाही झाली.

पुढच्या वैशाखात अशाच एका मांडवात ती दिसली, पंगतीला बसलेली, चार पाहुण्यांतली एक होऊन. मी जवळ गेलो. तिने कर्ण्याकडे बोट केलं.

"तुजा बाजा बरा गातो रे मास्तर," ती म्हणाली. "दमत नाय."

"माझा नाही हो तो, आजीबाई," मी म्हटलं.

पण वाढपी भात घेऊन आला होता, आणि तिने पान पुढे केलं.