केसराचा गुण

आरतीला रोज सकाळी सात वाजता पेलाभर दूध प्यावं लागे, तेही सासूबाईंच्या देखत. पेला रिकामा होईपर्यंत मनकर्णाबाई समोरून हलत नसत.

"पी वं. गुण आला ना?"

"हो आई."

"मंग! त्या डाक्टरच्या येडाच्या गोळ्या खाल्ल्या असत्या तं नुसती झोपून राह्यली असती."

आरती अडतीसची. माहेर बार्शीटाकळीजवळचं, शेतकऱ्याचं. अकोल्याला बी.एस्सी. झाली आणि लग्न होऊन अमरावतीत आली. मागच्या वर्षी तिचं मन विझत गेलं. झोप नाही, भूक नाही. कुकरच्या शिट्ट्या होत राहायच्या आणि उठून गॅस बंद करणं तिला जड जायचं. डॉक्टरांनी निदान केलं, गोळ्या लिहून दिल्या. घरी येताच सासूबाईंनी चिठ्ठी फाडली. आमच्या घराण्यात असलं कोणाले झालं नाही म्हणे! नवरा श्याम कॉलेजात शिकवतो, पण घरात त्याला तोंड नाही. मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "आई म्हणते तसं करून पाय ना थोडे दिवस."

आईचं म्हणणं म्हणजे केसर. त्यांचे भाऊ खुशालराव काश्मीर फिरून आले आणि येताना डबी घेऊन आले. डबीसोबत महिमाही आला: मन प्रसन्न होतं, झोप लागते, डोळे सुधारतात, हृदय बळकट होतं. आता कुठलं दुखणं शिल्लक राहिलं ते त्यांनाच ठाऊक.

पहिल्या दिवशी डबी उघडली आणि आरतीला कित्येक महिन्यांनी हसू आलं. ती करडई होती. वडिलांच्या शेतात काटे टोचून घेत हीच फुलं तिनं लहानपणी गोळा केली होती. इथे पाकळ्या वाळवून लाल रंगात बुचकळल्या होत्या एवढंच. दुधात टाकताच भसकन रंग सुटला. खऱ्या केसराला वेळ लागतो, आणि ते पिवळं उतरतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. ती बोलली नाही, कारण गोळ्या ती घेतच होती. ब्लाऊज शिवायला जाते म्हणून डॉक्टरांकडून नवी चिठ्ठी आणायची आणि स्ट्रिप सॅनिटरी पॅडच्या पाकिटात ठेवायची. त्या पाकिटाला घरात कोणी हात लावणार नव्हतं. दूध चालू होतं तोवर गोळीची चौकशी होत नव्हती. सोय झाली, असं तिला वाटलं.

दीड महिन्यात गोळीनं काम केलं आणि नाव केसराचं झालं. शेजारच्या बेबीताई मुद्दाम आल्या. "काय जादू केली वं आरती?" सासूबाई शेजारीच बसलेल्या. "केसर," आरती म्हणाली. मग जो येईल त्याला तेच सांगावं लागलं.

एका गुरुवारी सासूबाईंच्या कपाटात कपडे ठेवताना तिला बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप दिसली. भरलेली.

"आई, या घेतल्या नाहीत?"

"बंद केल्या. तुले गुण आला, मले नाही येनार? मी बी केसर घेऊन राहिली."

"कधीपासून?"

"झाले वीस दिवस. डोकं ठणकते जरासं. आतून साफ होऊन राह्यलं ते."

केसर खोटं आहे म्हणावं, तर खुशालराव खरं आणून देतील आणि गोळ्या बंदच राहतील. "डॉक्टरांना विचारून तरी..." ती म्हणाली.

"तू इचारलं होतं? केसरानंच बरी झाली ना? का नाही?"

आता पळायला जागा नव्हती. ती आत गेली, ते पाकीट आणलं आणि स्ट्रिप काढून पलंगावर टाकली.

"मी रोज ही गोळी घेत होते आई. पहिल्यापासून. दुधानं काही झालं नाही. आणि ते केसर नाही, करडई आहे."

सासूबाई स्ट्रिपकडे नाही, पाकिटाकडे बघत राहिल्या. "याच्यात ठेवत होती?"

"हो."

"अन् रोज माह्या तोंडावर हो म्हनत होती."

"हो."

सासूबाईंनी पाकीट बाजूला सारलं आणि दंड पुढे केला. "बीपीची मशीन आन."

वरचा आकडा एकशे नव्वद. आरतीनं रिक्षा बोलावली. डॉक्टर दोघींवर चिडले. म्हणाले, केसरावर थोडे अभ्यास झालेत, हलक्या उदासीला जरा फायदा दिसतो, ते दुधात हौसेनं घाला. पण चालू गोळी कोणी बंद करतं का?

दुसऱ्या दिवशी सातला मनकर्णाबाई पाण्याचे दोन पेले घेऊन आल्या. दोघींच्या स्ट्रिपा आता त्यांच्या पानाच्या डब्यात होत्या, आणि डब्याची किल्ली कमरेला. त्यांनी आपली गोळी गिळली आणि आरतीची तिच्या तळहातावर ठेवली.

"आता चोरून नाही. माह्यासमोर. तोंड उघड."

आरतीनं तोंड उघडून दाखवलं.

"बेबीताई विचारतील," ती म्हणाली.

"केसरच सांग. घरातलं बाहेर कायले?"

फाटकाची कडी वाजली. "आरती," बेबीताईंचा आवाज आला, "त्या केसराची डबी दाखव वं. मी बी शुगरच्या गोळ्या सोडून पायते म्हनते."

सासूबाईंनी मानेनं नाही म्हटलं. आरती उठली, फाटकाशी गेली आणि म्हणाली, "बेबीताई, आत या. बसा. एक गोष्ट सांगायची आहे."

पाठीमागे पानाचा डबा खाडकन मिटला.