गार्डकाकांचे बिनपायांचे पक्षी

गार्डकाकांच्या वहीतल्या निम्म्या पक्ष्यांना पाय नव्हते. कुणाला शेपूट नव्हती, एका खंड्याला तर डोकंच नव्हतं. पेन्सिल चालेपर्यंत पक्षी उडाला, तर जेवढा दिसला तेवढाच कागदावर. बाकीची जागा कोरी.

जन्मभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून फिरलेला माणूस. भुसावळहून बदलीवर झाशीला आले आणि निवृत्तीनंतर इथलेच झाले. एकदा कसल्याशा चौकशीत "सिग्नल हिरवा होता" एवढं लिहून द्या, म्हणून सगळे त्यांच्या मागे लागले होते. काकांनी "मला दिसला नाही" असं लिहिलं आणि सही ठोकली. "जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही, पोरी. काढायचंही नाही," असं मला, शेजारच्या मुलीला, सुनावायचे. मी अंदाजाने शेपूट पुरी केली, की खोडरबर पुढे सरकवायचे.

रविवारी सकाळी आम्ही चिरगावच्या बसने निघून वाटेतल्या तळ्यावर उतरायचो. तिथला चहावाला हटकून चिडवायचा, "गार्ड साब, आज चकवा के पाँव मिले?" चकवा म्हणजे आपला चक्रवाक. हिवाळाभर पाण्यात तरंगायचा, काठावर चढला तर गवताआड. पुस्तकात बघून पाय काढणं काकांना चोरी वाटे. ते गंभीरपणे सांगत, "नहीं मिले, भैया."

पुढचं पाप माझं. तळ्यावर वनखात्याचा पक्ष्यांचा फलक लागणार असं कळलं. काकांचं नाव व्हावं म्हणून मी त्यांची वही, त्यांना न विचारता, खात्याच्या कचेरीत नेऊन दिली. फलक लागला. चक्रवाकाला जाडजूड नारिंगी पाय, एखाद्या पाळीव बदकाचे असावेत तसे, आणि खाली ठळक अक्षरांत काकांचं नाव. मी रंगाऱ्याला जाब विचारला, तर तो म्हणाला, "बिना पैर की चिड़िया कौन देखेगा, मैडम?"

फलकासमोर उभं राहून काकांनी खालचं नाव वाचलं. मला ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "खाली माझं नाव आहे. म्हणजे हे मी पाहिलं, असं मी म्हणतोय."

मग खात्याकडे काकांचे अर्जांवर अर्ज. पाय पुसा, नाहीतर नाव पुसा. उत्तर एकच: उद्घाटन झालंय, आता हात लावता येणार नाही. फीत कापली की खोट्याचं खरं होतं की काय? लोक म्हणाले, म्हातारा हट्टी आहे, दोन पायांचं ते काय एवढं. त्या दोन पायांपायी काकांनी पुन्हा पेन्सिल धरली नाही, हे कुणाच्या गावीही नव्हतं. आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. सगळ्यांत जास्त स्वतःवर.

गेल्या थंडीत काका गेले. तेरावं झाल्यावरच्या रविवारी मी स्वयंपाकघरातलं उलथनं पिशवीत टाकलं आणि बस पकडली. नारिंगी रंग खरवडायला लागले, तसा चहावाला काकांचं चित्र वाचवायला धावत आला. मला तो बुंदेलीत 'बिन्नू', म्हणजे ताई, म्हणायचा.

"काय मिटा रईं, बिन्नू? जौ तो गार्ड साब कौ बनाओ है."

"पाँव उन्होंने नहीं बनाए थे," मी म्हटलं. "उन्हें दिखे ही नहीं थे."

 तो टपरीतून आलं सोलायचा चाकू घेऊन आला आणि दुसरा पाय खरवडू लागला.