निसरडे दगड

माझ्या मावशीइतकं घाबरट माणूस खाडीच्या अलीकडे नव्हतं आणि पलीकडेही नसावं. ती गॅस सिलिंडरला घाबरायची, लिफ्टला घाबरायची. दाराची बेल वाजली की दचकायची आणि बराच वेळ वाजली नाही की जास्तच घाबरायची. एपीएमसी मार्केटात पोत्यांच्या थप्प्या दिसल्या की "पडल्या तर?" म्हणत पदर सावरून पळायची, आणि हमालानं "बाजू, बाजू!" म्हटलं की जाता जाता त्याचीच माफी मागायची. वाशीच्या घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून पाहायची. जिना उतरला की मला विचारायची, "अगं, लावलं ना? की आपल्याला नुसतं वाटतंय?"

पाण्याचीही तिला तेवढीच भीती, आणि आयुष्यभर अभ्यास केला तो मात्र पाण्यातल्याच जिवांचा. कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि डायटम हा तिचा ध्यास. डायटम म्हणजे एका पेशीचं, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ. प्रत्येकाच्या अंगाभोवती काचेची नक्षीदार डबी असते. ती नक्षी पाहायची तर आतला जीव आम्लात उकळून काढावा लागतो. मावशी हे काम गॅलरीत, नाकाला रुमाल बांधून करायची. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "मॅडम, कसला वास आहे हो? सगळ्या बिल्डिंगला टेन्शन आलंय!" मावशी रुमालाआडून म्हणाली, "मलाही आलंय."

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, दिघ्याच्या मागच्या टेकडीवर, बंद पडलेल्या दगडखाणीच्या पाण्यात तिला एक डबी सापडली. तिची एक कड किंचित आत दबलेली होती. कुठल्याच पुस्तकात तशी नव्हती. दुसरं कुणी आनंदानं नाचलं असतं, मावशीला ताप भरला. "तिथं कारखान्यांचं पाणी झिरपतं. त्यानंच वाकडी झाली असेल तर? एखाद्या आजारी जिवाला मी नवी जात म्हणून बसेन. आणि एकदा छापलेलं नाव पुसता येत नाही गं. चूक निघाली तरी तिच्याशेजारी माझं नाव कायमचं."

खात्री करायला एकच वाट होती. खाणीच्या वरच्या अंगाला एक स्वच्छ झरा होता. कारखान्यांचं पाणी तिथवर पोचत नव्हतं. त्या झऱ्यातल्या दगडांवरही तीच दबलेली कड मिळायला हवी होती. वेळ मात्र थोडा होता, कारण खाणीत भराव टाकणारे ट्रक सुरू झाले होते.

मी तिच्यासोबत गेले. दोन दगड उतरून ती तिसऱ्यावर अडली. झऱ्याच्या वाटेवर दिघ्याच्या हौसाबाई धुणं धूत होत्या. साताऱ्याकडच्या, आवाज खणखणीत. "आवं बाई, एवढ्या भेताय तर येताय कशाला? पाण्यात सोनं पडलंय व्हय?"

"सोनं नाही हो, काच."

"मग तर पाय बी कापंल!"

मावशी तशीच घरी परतली. आठवडाभर धीर गोळा करून पुढच्या रविवारी पुन्हा निघाली. हौसाबाई वाटच पाहत होत्या. "या बाई, या! झऱ्यातले समदे दगड घासून ठिवलेत. आता न्हाई घसरायच्या तुमी."

दगड लखलखत होते. त्यांच्यावरचा तो तपकिरी, निसरडा थर म्हणजेच मावशीचे डायटम. तो पुन्हा धरायला काही आठवडे लागले असते, आणि ट्रकांची घरघर तर अगदी जवळ येत होती. मावशीनं एका दगडावरून बोट फिरवून पाहिलं. मला वाटलं, आता ही रडेल. पण ती हळूच म्हणाली, "उपकार झाले हो. कशानं घासलेत?"

"ही काय, नारळाची शेंडी. तुमच्यासाठी नवीकोरी सोलली."

"साबण?"

"दगडाला कोण साबण लावतंय, बाई!"

दगडांवरचा सगळा थर धाग्याधाग्यांत अडकलेली ती ओली शेंडी मावशीनं प्रसाद घ्यावा तशी दोन्ही हातांत घेतली.

घरी आल्यावर सगळं उकळून, धुऊन झालं, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचं तिचं धाडस होईना. शेवटी मला बसवलं आणि स्वतः दाराआड उभी राहिली. "कड कशी आहे?"

"दबलेली."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची गं, मावशी."

आत जाऊन तिनं गॅस बंद आहे ना ते पाहिलं.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे लॅटिनमधलं वर्णन जोडून तिचा लेख छापून आला. नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायची रीत नाही, म्हणून मावशीला हौसाबाईंचं द्यायचं होतं. त्या दोन्ही हात हलवत म्हणाल्या, "नगं गं बाई! शेवाळाला माजं नाव? भावकी हसंल." मग दिघ्याचं नाव दिलं.

पुढे खाण बुजली. वर घरं झाली. मला वाटलं, आता मावशीची भीती संपली, तिला चूक ठरवायला कुणी तिथं जाणार नाही. ती मात्र त्या बातमीनं जितकी घाबरली तितकी कधीच घाबरली नसेल. "अगं, आता ते तिथं नाहीच. मी बरोबर होते की नाही, हे कुणी पाहायचं म्हटलं तरी कुठं पाहणार? फक्त काच उरली."

त्या डब्या चिकटवलेली एक काचपट्टी वनस्पतींच्या संग्रहात आहे, दुसरी माझ्या कपाटात. मावशी गेल्यापासून मी ती अधूनमधून काढते, दोन्ही हातांनी धरते आणि पडेल या भीतीनं लगेच ठेवून देते. मग घराला कुलूप लावते, तीनदा ओढून पाहते. जिना उतरल्यावर जराशी थांबते. कुणीच काही विचारत नाही.