रेंजरकाकूंचा उमेदवार

रेंजरकाकू नवऱ्याच्या पुढे चालत. त्या काळी कर्जतच्या पेठेत हे बघायला बायका दारात येऊन उभ्या राहत. पुढे नऊवारीचा ओचा सावरत झपझप चालणाऱ्या काकू आणि बऱ्याच मागे खाकी कोटातले, जंगलखात्याचे रेंजरसाहेब, मान वर करून रस्त्याकडेच्या शिरीषाकडे बघत. कोणी विचारलंच तर काकू म्हणत, "हे झाडं बघत येतात. यांच्या मागे राहिले तर आजची भाजी उद्या शिजायची."

मी पुण्याहून बी.एस्सी. होऊन आलो त्या उन्हाळ्यात आमची ओळख झाली. वनस्पतिशास्त्र घेऊन पास झालेला आमच्या गावातला मी पहिलाच, आणि त्या शास्त्राचं पुढे काय करायचं हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. वडील गेल्यापासून घर दादाच्या खांद्यावर होतं. त्याने भिवपुरीच्या वीजघरात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. मला मात्र डेहराडूनला जाऊन जंगलाचं वरचं शिक्षण घ्यायचं होतं. अर्जाला वनाधिकाऱ्याची शिफारस लागे, म्हणून मी बिचकत बिचकत साहेबांच्या बंगल्यावर गेलो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि "बघू" म्हणाले. आतून काकूंचा आवाज आला, "बघू काय? आधी त्याला आत बोलवा. चेहरा बघा, सकाळपासून उपाशी आहे."

त्या दिवसापासून तो अर्ज माझ्यापेक्षा काकूंचाच जास्त झाला. निवडीच्या वेळी उमेदवाराला दिवसभर चालून दाखवावं लागतं, हे साहेबांकडून कळताच त्यांनी मला रोज चालायला पिटाळलं. एकदा खोपोलीपर्यंत जाऊन टाचा सोलवटून आलो, तर कोकमाचं तेल कोमट करून वाटी पुढ्यात ठेवली. म्हणाल्या, "बूट नवे आहेत, पाय जुने. पायांना विचारून चाल."

मुलाखतीची तयारीही त्यांनीच घेतली. साहेबांची हॅट डोक्यावर चढवून त्या वेताच्या खुर्चीत बसत. "हां, सांगा, जंगलखात्यात का यायचंय?" मी पाठ केलेलं घडाघडा म्हणायचो. पाऊसपाणी, जमिनीची धूप, देशाची संपत्ती. त्या शेवटपर्यंत ऐकत आणि हॅट काढून मांडीवर ठेवत. "हे सगळेच सांगतील रे. तुला का यायचंय?"

बरेच दिवस मी पाठ केलेलंच फिरवून फिरवून सांगितलं. मग एकदा सहज बोलून गेलो, "वडील गेले त्याच साली आमच्या घरामागच्या टेकडीवरचं रान कोळशासाठी तोडलं. मला दोन्ही एकदमच आठवतं."

काकू म्हणाल्या, "हेच सांग. इंग्रजी चुकलं तरी चालेल."

साहेब मात्र शिफारस लिहीत नव्हते. घरच्यांची ना असताना कसं लिहू, असं त्यांचं म्हणणं. आणि एक दिवस दादाच बंगल्यावर आला. वहाणा बाहेर काढून पायरीशीच उभा राहिला.

"बाई, तुमी याला नादी लावताय," तो म्हणाला. "जंगलवाला झाला का हाच वाडीवरच्या ठाकरांच्या मोळ्या धरंल, त्यांचे कोयते काढून घेल. आमी गावात तोंड कसं दावायचं?"

काकूंनी पाण्याचा तांब्या दादापुढे केला. "खरं आहे तुमचं. या पडवीत कोयते येऊन पडतात. त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरत नाही. यांच्याही नाही. पण या खुर्चीवर कोणी ना कोणी बसणारच. ज्याला घास उतरत नाही, असा एखादा तरी बसू दे."

दादा पाणी प्यायला. हो म्हणाला नाही, पण वीजघराचा विषय त्याने परत काढला नाही. साहेबांनी शिफारस त्याच संध्याकाळी लिहिली.

माझी निवड झाली. निघताना स्टेशनवर काकूंनी मेथीच्या लाडवांचा डबा दिला आणि बजावलं, "पत्र आधी आईला. मला मागाहून."

मी तिकडे असतानाच साहेबांची बदली कारवारकडे झाली. जाण्याआधी काकू एकट्या आमच्या गावी गेल्या. मला इतकं लांब धाडलं म्हणून आईचा त्यांच्यावर राग होता. "आई आधी बोललीच नाय रं," दादाने मला मागून सांगितलं. "मग काकूच म्हनल्या, तुमचा मुलगा मी लांब पाठवला, माझ्यावर रागवा. तशी आई उठली, नि तांदळानं वटी भरली त्यांची."

कारवारच्या पहिल्याच पावसाळ्यात काकू हिवतापाने गेल्या. शिक्षण पुरं करून मी आलो तेव्हा कर्जत स्टेशनवर दादाने हे सांगितलं.

भाद्रपद चालू होता. अविधवा नवमीला, सवाष्ण गेलेल्या बायकांची पानं मांडतात त्या दिवशी, आईने घरातल्या पानांशेजारी आणखी एक पान मांडलं. काकू नात्यातल्या नव्हत्या, पण तिला कोणी विचारलं नाही.

"नाव घेऊन वाढाया लागतं," ती म्हणाली. "काय नाव व्हतं रं त्यांचं?"

मी दादाकडे बघितलं, दादाने माझ्याकडे. त्यांच्या हातचं किती तरी वेळा जेवलो होतो मी. पण पेठेत त्या रेंजरकाकू, आणि घरात साहेबांच्या तोंडी नुसतं "अगं, ऐकलंस का". नाव कधी कानावर पडलंच नव्हतं.

"नुसतं काकू म्हण," मी म्हणालो.

आईने पानावर भात वाढला, वर तुपाची धार धरली आणि हात जोडले.

"या काकू," ती म्हणाली, "तुमचा पोरगा आलाय."